दुसऱ्या दिवशी, साडेपाच वाजता

प्रिय मुंगे,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, दुकान चालू आहे, गुडघा पूर्वी दुखायचा तेवढाच दुखतो आणि तू सांगितलेले व्यायाम मी पूर्वी चुकवायचो तेवढेच चुकवतो. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर काय होतं, तुझा आवाज आला की माझा आवाज आपोआप हसरा होतो. आयुष्यभर लोकांचे कान तपासले, पण स्वतःच्या गळ्यावर माझा काही ताबा नाही. म्हणून कागद घेतला.

आधी दुकानाच्या बातम्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई परवा पुन्हा आल्या होत्या. श्रवणयंत्र मध्येच बंद पडतं म्हणून तक्रार. मी यंत्र उघडलं, साफ केलं, तासभर चालवून पाहिलं. काही दोष नाही. मग शेवटी त्या हळूच म्हणाल्या की नवरा बोलायला लागला की त्या स्वतःच बंद करतात, पण त्याच्यासमोर ते यंत्रावर ढकलायला त्यांना माझा दुजोरा हवा होता. नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी बाहेर जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की होतं असं कधी कधी. तुला हे फोनवर सांगितलं असतं तर तू खदखदून हसली असतीस, आणि मग मला पुढचं काहीच बोलता आलं नसतं.

चाचणीच्या खोलीचं दार बदललं. आता आत बसलं की रस्त्यावरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तू सुट्टीत दुकानात बसायचीस तेव्हा तुला तिथल्या गिऱ्हाइकांचे प्रकार शिकवले होते, आठवतं? हेडफोन लावून बसायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, इतकं साधं काम. पण काही माणसं आवाज आलेला नसतानाच बटण दाबतात. लबाड नसतात बिचारी. ऐकू यावं असं त्यांना इतकं मनापासून वाटत असतं, की येतंच. मी त्यांच्यावर कधी रागावत नाही. या वर्षभरात तर मुळीच नाही, कारण त्यांच्या जागी मी स्वतः किती वर्षं बसलो होतो हे मला कळलं आहे.

आपण पहिल्यांदा संगीत महोत्सवाला गेलो तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याबद्दल आपण घरात फारसं बोलत नसू, पण घर बोलत असायचं. तुला कुठेतरी न्यायला हवं होतं जिथे इतका आवाज असेल की दुसरं काही ऐकू येणार नाही. तीन दिवस, पाच स्टेज, सकाळी अकरापासून एकाच वेळी पाच ठिकाणी गाणं. पहिल्या दिवशी आपण नुसते धावत होतो. हे ऐकायला गेलो की तिकडचं सुटायचं, तिकडे पोचेपर्यंत तिकडचंही संपायचं. संध्याकाळी तू पाय पसरून गवतावर बसलीस आणि मला म्हणालीस, "बाबा, आपण आज सगळं थोडंथोडं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही." त्याच जागी, कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आपण रेघा मारल्या. उभ्या रेघांत स्टेज, आडव्या रेघांत तास. जे ऐकायचं त्यावर हिरवी खूण. एका स्टेजवरून दुसऱ्याकडे चालायला किती वेळ, खायला किती, स्वच्छतागृहाच्या रांगेला किती, सगळं त्यात धरलं. तुझं नाव मुंगी पडलं ते तेव्हा. कागद तोंडात धरून, पाठीवर तुझ्याहून मोठी पिशवी घेऊन तू पुढे आणि मी मागे.

त्यानंतर दर वर्षी पत्रिका आली की आपलं स्वयंपाकघरातलं टेबल दोन आठवडे जेवायला मिळायचं नाही. तू एकेका बँडचं गाणं लावायचीस, मी डोळे मिटून ऐकायचो. भांडायचो काय! दोन हवेसे बँड एकाच वेळी आले की तुझा जीव खालीवर व्हायचा. मी म्हणायचो, नाणं उडवू. तू म्हणायचीस, गाणं काय नाण्यावर ठरवायचं? एका वर्षी तुझ्या त्या शीळ घालणाऱ्या बाईसाठी मी माझे सगळे पितळी वाद्यवाले सोडले होते. तीन दिवस गाल फुगवून फिरलो, आणि चौथ्या दिवशी दुकानात तीच शीळ घालत बसलो होतो. लोक म्हणायचे, मुलगी मोठी झाली की बापाबरोबर कुठे जायला लाजते. मी त्यांना आपला कागद दाखवायचो. सगळे कागद मी जपून ठेवलेत, कानांच्या साच्यांच्या कपाटात, वरच्या खणात.

तू सतरा वर्षांची झालीस आणि पेन्सिल तुझ्या हातात गेली. मला बरंच वाटलं. तू म्हणालीस, "बाबा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोठ्या स्टेजकडे जायचंच नाही. तिथे आवाज फुटतो. तू टोकाच्या छोट्या स्टेजपाशी बस, तुझ्या कानाला तेच बरं." कानाच्या कारणापुढे मी काय बोलणार? उलट छाती फुगली. पोरगी माझी भाषा बोलायला लागली, हे मी आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होतो. तेव्हापासून दर वर्षी दुसऱ्या दिवशी मी टोकाच्या स्टेजपाशी घडीच्या खुर्चीवर. आणि दर वर्षी तुला तिथे येऊन मैत्रिणी भेटायच्या. "तासाभरात येते," म्हणून जायचीस, दोन-अडीच तासांनी यायचीस, गाल लाल, आवाज बसलेला. तुझी जागा कुणी घेऊ नये म्हणून मी शेजारच्या खुर्चीवर माझी टोपी ठेवून बसायचो.

मध्ये एकदा तू घरी येताना कानांचे दोन जणांचे साचे घेऊन आलीस. हॉस्पिटलातल्या दोन मैत्रिणींसाठी महोत्सवात कानात घालायचे बोळे करून हवेत म्हणालीस. साचे तू स्वतः घेतले होतेस, नीट घेतले होतेस, मीच शिकवलं होतं तुला. त्यातली एक जोडी चांगली मोठी होती. "ही मैत्रीण दांडगी दिसते," असं मी म्हणालो आणि तू जरा जास्तच हसलीस. दुसरी जोडी मी हातात घेतली आणि थांबलो. डाव्या कानाची नळी तोंडापाशीच एकदम वर वळलेली. मुंगे, मी हजारो कान पाहिलेत. तसं वळण मी आयुष्यात एकाच बाईच्या कानात पाहिलं होतं, आणि त्या बाईशी माझं लग्न झालं होतं. मी दिवा जवळ घेऊन पाहिलं. मग स्वतःलाच सांगितलं, जगात काय असा एकच कान असतो? बोळे केले. कडा घासून घासून गुळगुळीत केल्या, बोचू नयेत म्हणून. बघ, बटण कसं दाबलं ते.

आता तुझ्या आईबद्दल. ती गेली त्याचा राग मी गिळला, किंवा गिळला असं धरून चाललो. पण खालच्या मजल्यावरचा तो जनावरांचा डॉक्टर, ज्याच्याकडे आपलं मांजर दाखवायला ती रोज जायची, जो आपल्याच टेबलावर बसून माझ्याशी पत्ते खेळायचा, तो माझ्या घशाखाली उतरला नाही. मांजर बरं झालं आणि तुझी आई गेली. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी तुला समोर बसवून म्हणालो होतो की आईला हवं तेव्हा भेट, मी कधी अडवणार नाही. पण त्या माणसाशी तू बोलायचं नाहीस, मला शब्द दे. तू दिलास. नऊ वर्षांच्या मुलीकडून असला शब्द घ्यायचा नसतो, हे आज कळतं. तेव्हा मात्र त्या एका शब्दावर माझी पुष्कळ वर्षं उभी होती.

गेल्या वर्षी तुझी हॉस्पिटलात तिन्ही दिवस ड्यूटी लागली. तू फोनवर किती हळहळलीस! माझा हिरमोड होऊ नये म्हणून माझ्यासाठी तीन दिवसांचा कागद करून पाठवलास, तासातासाचा. त्यात दुसऱ्या दिवशी साडेपाचला टोकाच्या स्टेजवर ते चार भाऊ होते. माझे म्हातारे. मी वीस वर्षांचा असताना खोलीतल्या रेडिओवर त्यांना ऐकत असे, आणि मी तिकिटाला पैसे जमवेपर्यंत त्यांनी एकत्र वाजवणं सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र बसणार होते. आणि नेमकी त्याच वेळी, मोठ्या स्टेजवर, तुझी ती दोन ढोलवाल्यांबरोबर गाणारी बाई. तू फोनवर म्हणालीस, "ती आता काही वर्षं गाणार नाही म्हणे. माझं नशीबच फुटकं. तू मात्र तुझे म्हातारे ऐक हं, बाबा."

पहिला दिवस मी कागदाप्रमाणे चाललो. एकटं फिरताना विचित्र वाटत होतं. गाणं आवडलं की शेजारी कोपर मारायला जायचो आणि अनोळखी माणसाला लागायचं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी दोन्ही स्टेजच्या मधल्या पाण्याच्या नळापाशी उभा होतो. उजवीकडे टोकाच्या स्टेजवर भाऊ वाद्यं जुळवत होते. ते सूर मला तिथपर्यंत ओळखू येत होते. डावीकडे तुझी बाई. मी तुझा कागद काढला, घडी घातली, पुन्हा काढला. मागचा माणूस म्हणाला, "काका, पाणी घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" मी बाजूला झालो. मनात हिशेब असा केला: मी ऐकलं तर एक माणूस ऐकेल. तिचं गाणं फोनवर घेतलं तर पोरीला जन्मभर पुरेल. मी डावीकडे वळलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कागद मोडला.

गर्दी खूप होती. चांगलं रेकॉर्डिंग यावं म्हणून मधोमध जायला हवं, भोंग्यांच्या सरळ रेषेत नको, एवढं मला कळतं. माणसांच्या मधून वाट काढत गेलो आणि समोर एक चटई दिसली. चपला काढून, पाय पोटाशी घेऊन तुझी आई बसली होती. केस आखूड केलेत तिनं. पलीकडे डॉक्टर. आणि त्यांच्या मधे तू.

मी तुमच्या पाठीमागे दहा पावलांवर होतो. गाणं सुरू व्हायचं होतं. डॉक्टरानं खिशातून कागद काढला, तुला दिला. उभ्या रेघा, आडव्या रेघा, हिरव्या खुणा. तू पेन्सिल दातांवर आपटत, घरच्या टेबलावर विचार करताना आपटतेस अगदी तशी, त्याच्याशी भांडायला लागलीस की सातला कुठे जायचं. तो म्हणाला, नाणं उडवू का. तू म्हणालीस, "गाणं काय नाण्यावर ठरवायचं?" मग तुझ्या आईनं विचारलं, "आणि तो? इकडे आला तर?" डॉक्टर म्हणाला की एकदा सांगून का टाकत नाहीस, मला चोरासारखं वाटतं. आणि तू म्हणालीस, हसत म्हणालीस, "बाबा कागद सोडून कुठे जात नाही. आठ वर्षांत गेलाय का कधी?"

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. माझं उलट झालं, पाय जमिनीत रुतले. त्या कागदाचा अर्थ मला एका क्षणात कळला. आपण दोघं दोन-दोन आठवडे टेबलावर बसून गाणी निवडत होतो असं मी समजत होतो. तू गाणी निवडत नव्हतीस. मी कुठे असू नये, ते निवडत होतीस. टोकाचं स्टेज, माझे कान, फुटणारा आवाज, मैत्रिणी, सगळं. तू शब्द मोडलास याचं मला एवढं वाईट वाटत नाही. आईला एकटीला भेटून तुझं भागणार नव्हतं, ती त्याच्या घरात राहते, तू किती दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवणार होतीस? पण आपला कागद! तो एक तरी फक्त आपला ठेवायचा होतास. मी खुर्चीवर टोपी ठेवून बसायचो, मुंगे.

मी माघारी फिरलो. मध्ये कुठेतरी वायरींच्या खोक्यावर बसलो असेन, किती वेळ ते ठाऊक नाही. टोकाच्या स्टेजपाशी पोचलो तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चौघे भाऊ वाकून नमस्कार करत होते. सगळ्यात थोरल्याला दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या. मी त्यांना पाहिलं. ऐकलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "कसे होते म्हातारे?" मी म्हणालो, अप्रतिम. थोरल्याची तार तुटली आणि बाकीच्या तिघांनी सांभाळून घेतलं, असंही सांगितलं. कुठून सुचलं कोण जाणे. तू म्हणालीस, "आणि मी इथे पेशंटांचे गुडघे वाकवत बसले." दोघंही हसलो. बापलेकीत इतकं सराईत खोटं मी तोवर ऐकलं नव्हतं.

हिवाळ्यात थोरला भाऊ गेला. तू लगेच फोन केलास. "बरं झालं बाबा, तू त्यांना ऐकून घेतलंस," म्हणालीस. मी हो म्हणालो. त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं आणि चाचणीच्या खोलीत दार लावून बसलो. ती खोली त्यासाठी चांगली आहे. कुणी रडलं तरी बाहेर समजत नाही.

मी तुला संधी दिली नाही असं म्हणू नकोस. तू वाढदिवसाला आलीस तेव्हा मी विचारलं, तुझ्या त्या दोन मैत्रिणींना बोळे नीट बसतात ना? तू म्हणालीस, अगदी. मार्चमध्ये मी आपणहून डॉक्टरचा विषय काढला, म्हणालो, वय झालं असेल आता त्याचं. तू म्हणालीस, "मला काय माहीत?" तू उठून चहाचे कप विसळायला गेलीस. धुतलेलेच होते ते.

आणि काल तुझं पाकीट आलं. या वर्षीच्या महोत्सवाचा माझा कागद, नेहमीसारखा सुबक. सोबत चिठ्ठी: तू पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आहेस, दुसऱ्या दिवशी मात्र ड्यूटी; मी दुपारी तीन ते सात टोकाच्या स्टेजपाशी बसावं, गुडघा सांभाळावा. यासाठी हे पत्र. मी वर्षभर वाट पाहिली की तू सांगशील. तू सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि मग तुझ्यासाठी गिळलं असतं. पण तू पुन्हा तोच कागद केलास. तो या पत्रासोबत परत पाठवतो आहे. तिकीट मी माझं वेगळं काढलं आहे. कुठल्या वेळी कुठल्या स्टेजपाशी असेन ते या वर्षी लिहूनच काढणार नाही, पाय नेतील तिकडे जाईन. मोठ्या स्टेजपाशी तुम्ही तिघं समोर आलात तर मी तोंड फिरवणार नाही. डॉक्टरला नमस्कार करेन, एवढं मला या वयात जमायला हवं. तू नऊ वर्षांची असताना तुझ्याकडून घेतलेला शब्द मी आज परत घेतो. तू तो कधीच मोडलास हे माहीत आहे, पण आता मोडायला काही उरलं नाही, म्हणजे लपवायलाही काही उरू नये. मी माफ केलं असं मात्र समजू नकोस. ते मला अजून जमलेलं नाही.

रागावलेला, तरीही तुझाच,
बाबा